संगणकाच्या भाषा : एका भाषाशिक्षकाच्या नजरेतून



ज्या गणितशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. त्यांचे स्वतःचे शिक्षण निजामी राजवटीत, उर्दू माध्यमात झाले होते. त्यामुळे शिकवताना त्यांच्या तोंडी प्रथम ‘मुसल्लस’ येई आणि मग ‘त्रिकोण’. प्रथम ‘मसावात’ आणि मग ‘समीकरण’. आम्ही मुले हसत असू. गुरुजी रागावत नसत. गणित सुटले की मात्र ते सुटका करीत नसत. “छान. आता दुसऱ्या वाटेने सोडव,” असे म्हणत. अंकगणिताने सुटलेले उदाहरण बीजगणिताने, बीजगणिताने सुटलेले आकृती काढून. उत्तर तेच येई. मग त्यांचा खरा प्रश्न येई : “कोणती वाट सोपी झाली, आणि का?”

आजच्या माझ्या विषयाचे सार त्या प्रश्नात आहे. मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाच्या भाषांवर बोलावे, याचे आपल्यापैकी अनेकांना आश्चर्य वाटले असेल. मलाही वाटले असते. म्हणून आधी एक कबुली देतो.

१९९०च्या सुमारास माझ्या पदव्युत्तर वर्गातील एक हुशार विद्यार्थी संध्याकाळचा तास सोडून संगणकाच्या वर्गाला जाऊ लागला. मी भर वर्गात कारण विचारले. “सर, कोबॉल नावाची भाषा शिकतो आहे,” तो म्हणाला. मी म्हणालो, “ज्या भाषेत आईला हाक मारता येत नाही, ती कसली भाषा?” वर्ग हसला. तो खाली मान घालून बसला, आणि पुढच्या वर्षी तो आमच्या विभागात नव्हता. त्या वाक्याचा मला पुढे बरीच वर्षे अभिमान वाटत राहिला, हे सांगताना आज संकोच होतो.

त्या वाक्यात सत्याचा अंश आहे. संगणकाची भाषा कोणी आईच्या मांडीवर शिकत नाही. तिच्यात श्लेष नाही, लाडीगोडी नाही, मौनही नाही. परंतु तिला व्याकरण आहे, वंशावळ आहे, बोली आहेत. आणि विचाराला वळण लावण्याचे भाषेचे सामर्थ्यही तिच्यात आहे. हे मला साठी उलटल्यावर कळले. तिकडे मी येईनच. आधी या भाषांचा इतिहास थोडक्यात पाहू.

१९४६ साली अमेरिकेत जाहीर झालेल्या ‘एनियाक’ या यंत्राला भाषा अशी नव्हतीच. त्याला काम सांगायचे म्हणजे तारा काढून दुसरीकडे जोडायच्या आणि कळा फिरवायच्या. हे काम प्रामुख्याने सहा स्त्रियांनी केले. पुढे आज्ञा यंत्राच्या स्मृतीतच साठवता येऊ लागल्या. केंब्रिज येथील ‘एडसॅक’ हे यंत्र मे १९४९ मध्ये अशा रीतीने चालले. तरीही माणसाला यंत्राच्या पायरीवर उतरूनच बोलावे लागे. कोणता अंक कोणत्या खणात आहे आणि तो तेथून उचलून कोठे ठेवायचा, हे एकेक करून लिहायचे.

हा भार कमी करण्याचा मोठा प्रयत्न म्हणजे ‘फोरट्रान’. आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या गटाने ती १९५७ साली वापरकर्त्यांच्या हाती दिली. तिच्या नावाचा अर्थच ‘सूत्रांचे भाषांतर’ असा आहे. शास्त्रज्ञाने गणिती सूत्रासारखे लिहावे आणि यंत्रभाषेत त्याचे भाषांतर यंत्रानेच करावे, ही कल्पना. तत्कालीन जाणकारांचा तिच्यावर विश्वास नव्हता. हाताने लिहिलेल्या आज्ञांइतक्या वेगवान आज्ञा यंत्र कसे तयार करणार, असा त्यांचा आक्षेप होता. तो खोडून काढण्यासाठी बॅकस यांच्या गटाने आपली बहुतेक शक्ती भाषांतर वेगवान करण्यावर खर्च केली. त्याच काळात ग्रेस हॉपर या विदुषी व्यवहारातील इंग्रजी शब्दांनी यंत्राला आज्ञा देता यावी म्हणून झटत होत्या. त्यांच्या कामाचा ठसा ‘कोबॉल’वर उमटला. तिचा आराखडा १९५९–६० मध्ये ठरला. फोरट्रान प्रयोगशाळेत वाढली, कोबॉल पेढीवर आणि हिशेबाच्या कचेरीत.

१९५८ साली जॉन मॅकार्थी यांनी ‘लिस्प’ची आखणी सुरू केली, आणि येथे निराळेच घराणे उभे राहिले. फोरट्रान आज्ञार्थी आहे : हे कर, मग ते कर. लिस्पचा कल पदार्थांतील संबंध सांगण्याकडे आहे. यादी म्हणजे पहिला घटक आणि उरलेली यादी. उरलेली यादी म्हणजे पुन्हा पहिला घटक आणि उरलेली यादी. स्वतःच्याच साहाय्याने स्वतःची व्याख्या करण्याची ही रीत आहे. १९७२च्या सुमारास फ्रान्समध्ये मार्सेय येथे जन्मलेली ‘प्रोलॉग’ तर विधानार्थी. तिला ‘अमुक हा तमुकाचा पिता’ अशी विधाने आणि काही नियम सांगायचे आणि प्रश्न विचारायचा; आजोबा कोण हे ती शोधते. व्याकरणाच्या तासाला आपण आज्ञार्थ आणि विधान यांतील भेद शिकवतो. तोच भेद येथे यंत्र चालवतो, हे पाहून मी चकित झालो.

‘अल्गॉल’ या भाषेचे व्याकरण १९६०च्या अहवालात सूत्ररूपाने मांडले गेले. ती मांडणी मूळ बॅकस यांची. पीटर नाऊर यांनी तिला अहवालासाठी घाट दिला. १९६७ साली इंगरमन नावाच्या अभ्यासकाने एका संगणक-नियतकालिकाला पत्र लिहून सुचवले की, अशी पद्धती पाणिनीने फार पूर्वी वापरली असल्याने तिला ‘पाणिनि-बॅकस’ असे नाव द्यावे. याचा आनंद आपण जरूर मानावा. मात्र त्यापुढची पायरी ओलांडू नये. ‘नासा संस्कृतमध्ये आज्ञावली लिहिते’ असे वाक्य मी अनेक स्नेहसंमेलनांत ऐकले आहे. त्याचे मूळ रिक ब्रिग्ज यांच्या १९८५च्या लेखात आहे. शास्त्रीय संस्कृतात वाक्यार्थ उलगडण्याची जी पद्धत आहे, ती ज्ञानाच्या संगणकीय मांडणीशी जुळते, एवढेच त्यांचे प्रतिपादन होते. पाणिनीचे मोठेपण सिद्ध करायला खोट्या साक्षीदाराची गरज नाही.

१९६४ साली डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कुर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी ‘बेसिक’ निर्माण केली, ती विज्ञानेतर विद्यार्थ्यांनाही यंत्र वापरता यावे म्हणून. १९७० साली निकलाउस विर्थ यांनी ‘पास्कल’ दिली, तीही मुख्यतः शिकवण्यासाठी. शिक्षकांनी घडवलेल्या या भाषा मला अधिक जवळच्या वाटतात.

या भाषांची वंशावळ भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला मोहात पाडणारी आहे. इंग्लंडमधील ‘सीपीएल’पासून १९६७ साली ‘बीसीपीएल’ झाली, तिच्यापासून बेल प्रयोगशाळेत ‘बी’, आणि ‘बी’पासून १९७२च्या सुमारास डेनिस रिची यांची ‘सी’. नॉर्वेतील ‘सिम्युला’ने दिलेली वस्तुनिष्ठ रचनेची कल्पना ‘सी’शी जोडून ‘सी प्लस प्लस’ झाली, आणि त्या वळणाची ‘जावा’ १९९५ साली आली. त्याच वर्षी आलेल्या ‘जावास्क्रिप्ट’चे नावापलीकडे तिच्याशी फारसे नाते नाही, नामसादृश्यावरून व्युत्पत्ती मांडू नये, हा आमचा जुना धडा येथेही लागू पडतो. ‘पायथन’वर गीदो व्हान रोसम यांनी १९८९च्या डिसेंबरात काम सुरू केले आणि १९९१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. साप तिच्या चिन्हात नंतर आला. नाव एका ब्रिटिश विनोदी चमूवरून घेतलेले आहे.

महाराष्ट्री प्राकृतातून अपभ्रंश आणि अपभ्रंशातून मराठी आली, तेव्हा जननी बोलण्यातून लोपली. येथे तसे होत नाही. फोरट्रान आजही हवामानाच्या गणितात आहे, कोबॉल आजही पेढ्यांच्या हिशेबात आहे. १९९९ साल संपताना वर्षाचे दोनच अंक साठवणाऱ्या जुन्या आज्ञावली दुरुस्त करण्याचे काम जगभर निघाले, तेव्हा आपल्याच शहरातील अमीरपेठेच्या गल्ल्यांत शेकडो तरुण ही ‘जुनी’ भाषा शिकत होते. एप्रिल २०२० मध्ये महामारीत बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांनी कोबॉल जाणणाऱ्यांना मदतीची जाहीर हाक दिली.

मग इतक्या भाषा कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. याचे उत्तर एका उदाहरणाने देतो. ग्रंथालयातून पुस्तक घ्यावे तशी आज्ञावली यंत्राकडून स्मृतीची जागा घेते. ‘सी’मध्ये मागून घेतलेली जागा परत करण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची, तो विसरला तर कपाटे रिकामी होत जातात, आणि परत केलेल्या पुस्तकात पुन्हा लिहू लागला तर अनर्थ होतो. लिस्पने आणि पुढे जावाने एक सेवक नेमला. कोणाच्याही हाती नसलेली पुस्तके तो गोळा करतो. पण त्याच्या फेऱ्यांना वेळ लागतो. २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या ‘रस्ट’मध्ये पुस्तक दाराबाहेर जाण्यापूर्वीच ते कोणाच्या मालकीचे आणि केव्हा परत येणार, हे नोंदवहीत तपासले जाते; नियम कडक, म्हणून शिकणारा आरंभी वैतागतो. तिन्ही पद्धतींत कष्ट आहेतच. ते कोणी आणि केव्हा करायचे, एवढेच बदलते. हे कळायला मात्र एकाहून अधिक भाषा याव्या लागतात.

आता माझी हकिकत. तरुणपणी प्रबंधासाठी मी महानुभाव गद्यातील क्रियारूपांची टिपणे चिठ्ठ्यांवर केली होती. त्या हजारो चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यांत पडून होत्या. निवृत्तीनंतर त्यांची शब्दसूची करावी असे ठरवले. नातवाने त्या टंकित करण्यास मदत केली, आणि मी पायथन शिकू लागलो.

पहिलाच अडथळा ‘क = क + १’ या ओळीचा. गुरुजींनी असे समीकरण पाहिले असते तर वही परत केली असती. पुढे उमजले की येथील बरोबरीचे चिन्ह बरोबरी सांगतच नाही. ‘क मध्ये एक मिळवून तो पुन्हा क या खणात ठेव’ अशी ती आज्ञा आहे. अल्गॉलने याच घोटाळ्यावर उपाय म्हणून या क्रियेला वेगळे चिन्ह वापरले होते.

दुसरा अडथळा अधिक गमतीचा. सूची अकारविल्हे लावली, तर यंत्राने ‘काळ, कावळा, कासव’ असा क्रम दिला. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, म्हणून ‘काळ’ शेवटी हवा. शोध घेता कळले की युनिकोड या जागतिक संकेतात ‘ल’चा क्रमांक २३५४ आणि ‘ळ’चा त्याच्या लगेच पुढचा, २३५५ आहे, ‘ह’ २३६१वर आहे. यंत्राने आकड्यांचा क्रम लावला, वर्णमालेचा नव्हे. तिसरी अडचण आणखी सूक्ष्म. ‘दुसऱ्या’ हा शब्द सूचीत दोनदा आला, दिसायला अगदी सारखा. मी तो नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरून टंकित केला होता, तर नातवाने साधा ‘र’ आणि एक अदृश्य सांधणारे चिन्ह वापरून. डोळ्याला एक शब्द, यंत्राला दोन. ते शोधण्यात माझे आठ दिवस गेले.

अखेर मी मदत मागितली, ती त्याच विद्यार्थ्याकडे. एका परिचितामार्फत त्याचा दूरध्वनी मिळाला. कोबॉलनंतर तो सी शिकला, जावा शिकला, आणखीही काही. त्याने प्रश्न सोडवून दिला नाही. त्याने मला एक प्रयोग करायला सांगितला. “सर, ‘मराठी’ या शब्दाची लांबी तीन भाषांना विचारा.” मी विचारली. आजच्या प्रचलित साठवणीत ‘सी’ म्हणाली १५, पायथन म्हणाली ५, आणि २०१४ साली आलेली ‘स्विफ्ट’ म्हणाली ३.

तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. ‘सी’ने साठवणीचे बाइट मोजले, प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन. पायथनने संकेतचिन्हे मोजली : म, र, काना, ठ, वेलांटी. स्विफ्टने वाचणाऱ्याला दिसणारी अक्षरे मोजली : म, रा, ठी. मी हातातली लेखणी खाली ठेवली. आम्ही छंदःशास्त्र शिकवतो तेव्हा अक्षरगणवृत्तात ‘मराठी’ची अक्षरे तीन मोजतो आणि मात्रावृत्तात तिच्याच मात्रा पाच. (पायथनचे पाच आणि मात्रांचे पाच हा योगायोग, ‘किती’ या शब्दात तो मोडतो. तेथे चिन्हे चार आणि मात्रा तीन.) ‘लांबी किती?’ हा प्रश्न अपुरा असतो, ‘कशाची लांबी?’ हे आधी ठरवावे लागते. एकच भाषा जाणणाऱ्याला हा दुसरा प्रश्न सुचणे कठीण, कारण त्याच्या भाषेने त्याच्या वतीने उत्तर आधीच देऊन ठेवलेले असते.

हैदराबादकर मराठी माणसाला हे नवे वाटू नये. ‘आम्ही जातो’ आणि ‘आपण जाऊ’ यांत ऐकणारा सोबत आहे की नाही, हे मराठी सांगते. हिंदी-उर्दूचे ‘हम’ ते सांगत नाही. तेलुगूत मात्र ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा हाच भेद आहे. शेजारची तेलुगू भाषा कानावर पडेपर्यंत आपल्या भाषेत असे काही आहे, याची मला जाणीवही नव्हती. आपण ‘पाऊस येणार म्हणून’ असे म्हणतो, तेलुगू माणूस ‘अनि’ लावतो, आणि येथील दखनी ‘बोलके’. परकी भाषा शिकताना स्वभाषेकडे बाहेरून पाहता येते, आणि तो त्या शिक्षणाचा मोठा लाभ होय. संगणकाच्या भाषांचेही तसेच आहे. फोरट्रानचे जनक बॅकस यांनी १९७७च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात आपण रूढ केलेल्या आज्ञार्थी पद्धतीच्याच मर्यादा मांडल्या आणि फलनांवर आधारलेल्या वेगळ्या रीतीचा पुरस्कार केला. स्वतः बांधलेल्या घराच्या बाहेर येऊन त्याकडे पाहण्याचे हे धैर्य शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही मला कार्यक्रमापूर्वी एक प्रश्न विचारलात : “आता यंत्रच आज्ञावली लिहून देते, मग आम्ही भाषा कशाला शिकायच्या?” २०२१-२२पासून अशी साधने सर्वांच्या हाती आली आहेत, हे खरे. गंमत अशी की १९५०च्या दशकात भाषांतर करणाऱ्या आज्ञावलीलाही ‘स्वयंचलित आज्ञालेखन’च म्हणत. लिहिणाऱ्याची गरज संपेल अशी शंका तेव्हाही होती; प्रत्यक्षात लिहिणारे वाढले. तथापि दोन्ही गोष्टी सारख्या आहेत, असे मी म्हणणार नाही. फोरट्रानचा भाषांतरक निःसंदिग्ध वाक्याचे निःसंदिग्ध रूपांतर करी. ही नवी साधने आपले संदिग्ध बोलणे ऐकून संभाव्य उत्तर रचतात. मी अशा एका साधनाला मराठी क्रमाने शब्द लावण्याची आज्ञावली मागितली. त्याने क्षणात दिली, नेटकी दिली, ‘ळ’ही योग्य जागी ठेवला. पण ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी घ्यायचे की ‘क’ आणि ‘ज’खाली, हा कोशकारांतील जुना प्रश्न त्याने मला न विचारताच निकालात काढला. तेथे निर्णय झाला आहे, हे मला दिसले. कारण मी तो प्रश्न जाणत होतो, आणि ती आज्ञावली वाचू शकत होतो. या दोहोंपैकी एक जरी नसते, तरी चुकीच्या क्रमाची सूची माझ्या नावावर छापली गेली असती.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आधी एक भाषा नीट शिका, तिच्यात आपल्या गरजेचे काही पूर्ण करा. मग दुसरी निवडाल ती वेगळ्या घराण्याची निवडा. एकाच घराण्यातील पाच भाषांपेक्षा भिन्न घराण्यांतील दोन अधिक शिकवतात. १९९९च्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या ग्रंथात दरवर्षी एक नवी भाषा शिकण्याचा सल्ला आहे. तो व्यावसायिकांसाठी ठीक. तुम्ही घाई करू नका. आणि पालकांना माझी विनंती आहे : संगणक शिकायचा म्हणून मुलाची मराठी सोडवू नका. या शाळेच्या मराठी तुकड्या रोडावत आहेत, हे आपण सारे पाहतो आहोत. एका भाषेची जागा रिकामी केल्याने दुसरी लवकर येते, असा माझा चाळीस वर्षांचा अनुभव नाही.

शेवटी त्या विद्यार्थ्याविषयी. मी वर्गात काढलेल्या उद्गाराची आठवण त्याने कधी दिली नाही. शेवटी मीच दिली आणि क्षमा मागितली. तो म्हणाला, “आठवते, सर. पण मला त्याहून जास्त आठवतो तो तुमचा प्रयोगांचा तास. ‘राम आंबा खातो’ आणि ‘रामाने आंबा खाल्ला’. क्रियापद एकदा कर्त्याच्या मागे जाते, एकदा कर्माच्या. नवी भाषा हाती आली की मी प्रथम तेच पाहतो, इथे कोण कोणाच्या मागे जाते.”

मी त्याला नाकारले होते, आणि तो माझाच धडा घेऊन गेला होता. गुरुजी असते तर त्यांनी दोन्ही वाटा फळ्यावर शेजारी शेजारी मांडायला लावल्या असत्या. मला ते जमायला तीस वर्षे लागली. आज तो सभागृहात नाही, दूर आहे. हे व्याख्यान पुस्तिकारूपाने निघेल तेव्हा एक प्रत त्याला पाठवावी, अशी चिटणिसांना विनंती करतो, टपालखर्च माझा.

 गुरुजींच्या स्मृतीस अभिवादन करून थांबतो.